डॉक्टरवर दावा लावायचा, तर आधी कागदांची पिशवी सांभाळा

आपल्या पालघर-बोईसर भागात दवाखान्याचे कागद कुठे असतात, हे कुणाला सांगायला नको. भिंतीतल्या खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी लटकत असते. तिच्यात रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले आणि त्यातच घड्या घातलेले केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिले. माणूस बरा झाला की त्या पिशवीकडे कुणी बघत नाही. आणि माणूस गेला, तर त्याच्या अंथरूण-पांघरुणाबरोबर पुष्कळदा पिशवीही जाते. मग चार-सहा महिन्यांनी कोणी जाणता पाहुणा विचारतो, "अरे, डॉक्टरवर केस का नाही केली?" घरातली माणसे म्हणतात, "माणूसच गेला, आता कागद ठेवून काय करायचे?"

खटला तिथेच निम्मा हरलेला असतो.

दवाखान्यात काही विपरीत घडले की गावात दोनच रस्ते ठाऊक असतात. एक, चाळीस-पन्नास माणसे जमवून दवाखान्याच्या काचा फोडायच्या. दुसरा, पुढाऱ्याला मध्ये घालून काहीतरी रक्कम घ्यायची आणि कोऱ्या कागदावर अंगठा देऊन मोकळे व्हायचे. पहिल्या रस्त्याने आपलीच पोरे आत जातात. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर व दवाखान्यावरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई भरावी लागते. ज्याच्या घरात मरण झाले तोच आरोपी होऊन बसतो आणि डॉक्टर फिर्यादी! दुसऱ्या रस्त्यात, आपण कशावर अंगठा दिला हेच माहीत नसते.

तिसरा रस्ता कोर्टाचा. तो लांबचा आहे, पण आपल्यासाठी बंद नाही. फक्त त्या रस्त्याला लागणारी शिदोरी पहिल्या दिवसापासून बांधावी लागते.

पालशेतची केस

या विषयातला आपल्या देशातला एक जुना आणि आजही वकील मंडळी दाखल्याला काढतात असा खटला कोकणातून सुरू झाला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावी समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरने लाकडाच्या फळ्या बांधून तात्पुरता इलाज केला. तीन दिवसांनी टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून मुलाला पुण्याला नेले. तिथल्या दवाखान्यात हाड बसवताना नीट भूल दिली नाही, माणसे लावून जोराने पाय ओढला, आणि त्याच रात्री मुलगा वारला, अशी तक्रार होती. मुलाचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरी करणारे. म्हणजे एका डॉक्टरनेच दुसऱ्या डॉक्टरवर दावा लावला.

कोर्टाने तीन हजार रुपये भरपाई दिली. हायकोर्टाने ती कायम केली. डॉक्टर सुप्रीम कोर्टात गेले, तिथे १९६८ साली अपील फेटाळले गेले. पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये! पण 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या निकालाने एक गोष्ट कायमची सांगून ठेवली. डॉक्टरने रोगी हातात घेतला की त्याच्यावर तीन जबाबदाऱ्या येतात: ही केस आपण घ्यावी की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता इलाज करायचा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो इलाज काळजीपूर्वक करणे. या तिन्हींपैकी एकीत कसूर झाली तरी रोग्याला दाद मागता येते.

कसूर कशाला म्हणायचे?

इथे मात्र गावकऱ्यांचा घोटाळा होतो. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असे कायदा मानत नाही. ऑपरेशन यशस्वी झाले नाही एवढ्यानेही दोष लागत नाही. त्याच विद्येचा साधारण जाणता डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली का, एवढेच कोर्ट बघते. एकाच दुखण्यावर दोन इलाज असतील आणि डॉक्टरने त्यातला एक मान्य असलेला इलाज निवडला असेल, तर दुसरा का निवडला नाही म्हणून त्याला धरता येत नाही. नसबंदीनंतर मूल झाले तरी तेवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितले. ऑपरेशनमध्येच कसूर झाली हे दाखवावे लागते. (नसबंदी फसली तर सरकारची वेगळी भरपाई योजना आहे. तिची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून कळल्याबरोबर आरोग्य केंद्रात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.)

साप चावलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. आपल्या भागात भात लावणीपासून कापणीपर्यंत हे नवीन नाही. विषावरचे इंजेक्शन देऊनही माणूस गेला, तर तो डॉक्टरचा हलगर्जीपणा होईलच असे नाही. पण इंजेक्शन दवाखान्यात असताना, दंशाची लक्षणे दिसत असताना, ते न देता "पुढे न्या" म्हणून नुसती चिठ्ठी लिहून दिली असेल, तर तो विचारण्याजोगा प्रश्न आहे. तो विचारता येईल की नाही, हे त्या चिठ्ठीवर वेळ लिहिली आहे का यावर अवलंबून असते. पुन्हा कागदच आला बघा.

तापाची एक केस आपल्या मलेरियाच्या मुलखाने ध्यानात ठेवावी अशी आहे. आंध्रात मलेरिया खात्यातच अधिकारी असलेल्या एका गृहस्थाच्या बायकोला ताप आला. खासगी इस्पितळाने टायफॉइडचा इलाज चालवला, रोग होता मलेरिया. बाई दगावल्या. जिल्हा मंचाने दोन लाख रुपये भरपाई दिली, राज्य आयोगाने ती काढून घेतली, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पुन्हा बहाल केली. त्या निकालात कोर्टाने सांगितले की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टरचे मत आणलेच पाहिजे असे नाही. चूक उघड दिसत असेल तर कागदपत्रांवरूनही निर्णय होतो. मात्र गुंतागुंतीच्या आजारात तज्ज्ञाच्या मतावाचून केस टिकत नाही, हे तितकेच खरे. आणि चूक झाली हे सिद्ध करायचे ओझे तक्रार करणाऱ्यावर असते, डॉक्टरवर नव्हे.

दार कुठले ठोठवायचे?

खासगी दवाखान्यात पैसे भरून इलाज घेतला असेल तर सोपे दार ग्राहक आयोगाचे. पूर्वी त्याला ग्राहक मंच म्हणत. डॉक्टर हे ग्राहक कायद्यात येतात की नाही यावर खूप वाद चालला होता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात येतात असा निकाल दिला. पुढे २०१९ चा नवा कायदा आला. त्यात डॉक्टरांचे नाव घेतलेले नाही, म्हणून आम्ही सुटलो, असे काही डॉक्टर मंडळींनी मुंबई हायकोर्टात मांडून पाहिले. २०२१ मध्ये हायकोर्टाने आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ऐकले नाही.

१९९५ च्या निकालातल्या दोन-तीन खुब्या समजून घेण्यासारख्या आहेत. बिल तुम्ही न भरता विमा कंपनीने किंवा मालकाने भरले, तरी ती सेवा फुकट ठरत नाही. म्हणून खासगी इस्पितळात सरकारी योजनेतून ऑपरेशन झाले असेल, तर "तुमचे पैसे कुठे लागले?" या प्रश्नाने गप्प बसू नये, हा मुद्दा वकिलामार्फत मांडावा. एखादे इस्पितळ काहींकडून पैसे घेते आणि गरिबांना फुकट तपासते, तर त्या फुकटवाल्या रोग्यालाही ग्राहक म्हणून दाद मागता येते. पण जिथे सगळ्यांनाच फुकट इलाज होतो, ते सरकारी दवाखाने या कायद्यात येत नाहीत. केस पेपरला घेतलेले दोन-पाच रुपये म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरचे पैसेही घेत नाहीत.

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांनी मात्र आपला हक्क वेगळा समजावा. ज्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात त्यांना ईएसआयचा इलाज फुकट नसतो, तो त्यांच्या वर्गणीतून होतो. सुप्रीम कोर्टाने २००७ साली ईएसआय दवाखान्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते असे ठरवले. पगाराची स्लिप आणि ईएसआय कार्ड हाच तिथला पुरावा. कंत्राटदाराकडे लागलेल्या पोरांनी पैसे कापतात पण कार्ड मिळत नाही, ही रड आधी मिटवून घ्यावी. आजारी पडल्यावर ती मिटत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे कुटीर रुग्णालय, सिव्हिल हॉस्पिटल, इथे काही घडले तर मग काहीच करता येत नाही का? येते. तिथे दिवाणी कोर्टात दावा लावायचा. मराठवाड्यातली केस बघा. १९६३ साली औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी इस्पितळात बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदी झाली. पोटात कापडी टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडले, टॉवेल निघाला, पण बाई वाचल्या नाहीत. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार रुपये दिले, हायकोर्टाने ते रद्द केले, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परत दिले. पोटात टॉवेल सापडतो यातच सगळे आले, कोणत्या डॉक्टरच्या हातून राहिला हे घरच्यांनी शोधून देण्याची गरज नाही आणि आपल्या नोकरांच्या कसुरीला सरकार जबाबदार आहे, असे कोर्टाने बजावले. ज्या खात्याची शिबिरे गावोगाव भरतात, त्या खात्याबद्दलचा हा निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीत माहीत असायला हवा.

सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिवाणी कायद्याच्या कलम ८० ची नोटीस. जिल्हाधिकारी कचेरीत ती देता येते. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असेल तर जिल्हा परिषद कायद्याची नोटीस आणि मुदत वेगळी, म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे.

तातडीच्या रोग्याला सरकारी दवाखान्याने "जागा नाही" म्हणून परत पाठवले, तर तोही हक्काचा भंग आहे. बंगालमध्ये १९९२ साली एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला घेतले नाही. शेतमजुरांच्या संघटनेनेच हे प्रकरण सुप्रीम कोर्टात नेले. १९९६ मध्ये त्याला पंचवीस हजार रुपये मिळाले आणि पैसा नाही, जागा नाही ही सबब सरकारला चालणार नाही असे ठरले. सरकारी यंत्रणेविरुद्ध राज्य मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज करता येतो, पण तो वर्षाच्या आत.

पोलिसात फिर्याद हे चौथे दार, आणि गावकरी नेमके तिथेच आधी धावतात. सुप्रीम कोर्टाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले आहे की, फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. पोलिसांनी आधी त्याच शाखेच्या जाणत्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घ्यावे, आणि आरोप झाला म्हणून डॉक्टरला लगोलग अटक करू नये. तेव्हा फौजदाराने त्याच दिवशी गुन्हा नोंदवला नाही म्हणजे तो मिळालेला आहे, असे लगेच समजू नये. १ जुलै २०२४ पासून जुन्या ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले आहे. इलाज करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी त्यात तरतूद आहे. शिक्षा झाली तरी घरच्यांच्या हाती पैसा येत नाही. भरपाई हवी तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी कोर्ट.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी स्थगित होऊ शकते. तिथेही भरपाई नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कौन्सिले वेगळी आहेत. म्हणून पाटीवर काय लिहिले आहे ते वाचा. होमिओपॅथीची पदवी घेऊन अॅलोपॅथीची औषधे देणाऱ्या डॉक्टरला सुप्रीम कोर्टाने १९९६ साली तीन लाखांना दोषी धरले, आपल्या विद्येच्या बाहेर जाणे हाच निष्काळजीपणा, असे म्हणून. पुढे महाराष्ट्रात नियमांत फेरफार होऊन ठराविक कोर्स केलेल्यांना थोडी मोकळीक मिळाली. तेव्हा तुमच्या डॉक्टरला त्या वेळी परवानगी होती का, हे आधी बघावे लागते. आणि ज्याच्याकडे कसलीच पदवी नाही, नुसती सुई आहे, त्याच्याबद्दल तर पोलीस पाटलांनी वाट बघत बसू नये.

दोन वर्षे म्हणजे दोनच वर्षे

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मृत्यूबद्दल वारसांनी दिवाणी दावा लावायचा तर मृत्यूच्या तारखेपासून तीही दोन वर्षे. उशीर झाला तर आयोग योग्य कारण पाहून माफ करू शकतो, पण त्याच्यावर विसंबू नये.

गोव्यातल्या एका परिचारिकेची केस यासाठी वाचावी. १९९३ मध्ये तिचे मुंबईत पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन झाले. नंतर नऊ वर्षे पोटात दुखत राहिले, ती दुखण्याच्या गोळ्या घेत राहिली. २००२ साली दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पोटातून गॉजचा बोळा निघाला. तिने २००४ मध्ये तक्रार केली. चूक आत दडलेली असेल तर ती कळली त्या दिवसापासून मुदत मोजतात, हे सुप्रीम कोर्टाने मान्य केले. पण तुम्ही स्वतः परिचारिका, इतकी वर्षे दुखत होते तर त्या डॉक्टरकडे परत का गेला नाहीत, तपासणी का केली नाही, असे विचारून २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. बोळा निघाला होता, कागद होते, तरी! आपली माणसे तर ऑपरेशननंतर दुखले की लेप लावतात, भगताकडे जातात, लावणी आटोपू दे म्हणतात. भगताकडे जायचे तर जा, पण आधी ज्या डॉक्टरने पोट उघडले त्याच्याकडे जा आणि "दुखते आहे" हे तारखेसह कागदावर लिहवून घ्या.

आणखी एक फसगत नोटिशीत होते. खासगी डॉक्टरला आधी वकिलाची नोटीस देण्याची रीत आहे, पण ग्राहक आयोगात जायला ती सक्तीची नाही. लोक नोटीस पाठवून उत्तराची वाट बघतात, उत्तरात "भेटायला या" येते, भेटीत "दिवाळीनंतर बघू" होते, आणि दोन वर्षे कधी गेली ते कळत नाही. बोलणी चालू असतील तरी तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

कागद मागायचे कसे?

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. दाखल झालेल्या रोग्याची नोंद तीन वर्षे जपून ठेवणे आणि रोग्याने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यापासून ७२ तासांत कागद देणे डॉक्टरला भाग आहे. नक्कल नाकारता येत नाही, हे मुंबई हायकोर्टाने १९९६ सालीच सांगितले आहे. तेव्हा तोंडी मागू नका. साध्या कागदावर मराठीत दोन ओळींचा अर्ज लिहा: रोग्याचे नाव, दाखल केल्याची तारीख, आणि संपूर्ण इनडोअर केस पेपरची नक्कल मिळावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नुसते डिस्चार्ज कार्ड म्हणजे संपूर्ण केस पेपर नव्हे. भूल दिल्याची नोंद, ऑपरेशनची नोंद, नर्सचा तक्ता, संमतीपत्र, एक्स-रे ही खरी माहिती त्यात असते. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकारातही अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

संमतीपत्रावर आणि "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" या कागदावर सही करताना वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचायला लावा. सही केली म्हणून डॉक्टरला निष्काळजीपणाची मोकळीक मिळत नाही. पण उलटतपासणीत तो कागद पहिला पुढे येतो.

मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर पोस्टमॉर्टेम करून घ्या. घरच्यांना ते नको असते, देहाची विटंबना वाटते, हे समजते. पण अग्नी दिला, माती दिली, की शरीरातला पुरावा संपला. पोस्टमॉर्टेम नसलेल्या केसमध्ये मृत्यूचे कारण काय, यावरच समोरचा वकील वर्ष काढतो. बिल थकले म्हणून मयत अडवून ठेवता येत नाही. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणेही बंधनकारक केले आहे. ते भिंतीवर आहे का, एवढे तरी सरपंचांनी जाता-येता बघावे.

इथे गावच्या कामगारांचे काम लागते. अकस्मात मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देणे ही पोलीस पाटलाची जबाबदारी आहे, आणि ती देताना "डॉक्टरच्या इलाजाबद्दल नातेवाइकांची तक्रार आहे" एवढे वाक्य खबरीत आले तर पुढे फार उपयोगी पडते. ग्रामसेवकांनी मृत्यूची नोंद २१ दिवसांत होईल हे बघावे. मृत्यूचे वैद्यकीय कारण लिहिलेल्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळाली पाहिजे, अशी तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने आली आहे. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि वारसांची नावे लागतात. यात कुणाला डॉक्टरविरुद्ध जावे लागत नाही, आपापले रजिस्टर वेळेवर लिहिले की झाले.

तक्रार लिहिताना

रोगी स्वतः तक्रार करू शकतो, तो हयात नसेल तर वारस. इलाज वापीला, सिल्वासाला, मुंबईला झाला असला तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा कामधंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना ही फार मोठी सोय झाली आहे. जुन्या कायद्यात डॉक्टरच्या गावी जावे लागे.

दवाखान्याला मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी त्या मोजलेल्या रकमेवर ठरते, भरपाई किती मागता त्यावर नाही. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. म्हणूनच बिल आणि पावती मागा. "पावती नको, थोडे कमी द्या" याला भुलू नका. पावती नसली की तुम्ही ग्राहक होता हेच सिद्ध करत बसावे लागते.

तक्रारीत तारीखवार हकिगत लिहावी. केव्हा नेले, काय सांगितले, कोण डॉक्टर होता, कोण नव्हता, काय दिले, केव्हा बिघडले. शिव्याशाप, जातपात, राजकारण काही नको. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांच्या प्रती. डॉक्टर, दवाखाना दोघांनाही सामनेवाले करावे. पुष्कळ डॉक्टरांचा विमा असतो, तेव्हा विमा कंपनीचे नाव कळले तर तीही. सामनेवाल्याला उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. कायद्यात निकाल तीन ते पाच महिन्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात, हे आधीच मनाशी धरून चालावे. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

भरपाई मागताना शेतकरी कमी पडतो, कारण त्याच्या कमाईचा कागद नसतो. सातबारा, भात विकल्याची पावती, चिकूच्या पट्ट्या, दूध डेअरीचे पुस्तक, मच्छी विकल्याचा हिशेब, मजुरीच्या नोंदी, जे असेल ते जोडा. घर सांभाळणारी बाई गेली तर तिची कमाई शून्य धरू नका. घरातल्या कामालाही मोल असते हे कोर्टे मानतात. गाडीभाडे, उसनवारी, गहाण टाकलेले दागिने, यांच्याही चिठ्ठ्या ठेवा.

वकील परवडत नाही, ही अडचण आपल्या भागात खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला हा हक्क आहे, उपकार नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचे नाव विचारावे किंवा १५१०० वर फोन करावा. ग्राहक कायद्याची माहिती १९१५ या नंबरवर मिळते. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय स्वतःही उभे राहता येते. पण डॉक्टरी भाषेचे कागद समोर आले की एकट्याचा निभाव लागणे कठीण, तेव्हा वकील घ्यावा हे बरे.

पहिल्या भेटीला खुंटीवरची पिशवी जशी आहे तशी घेऊन जा. हा कागद कामाचा, तो बिनकामाचा, असे घरी बसून निवडू नका. औषधांची रिकामी पाकिटेसुद्धा राहू द्या. आणि मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका, वकिलाच्याही नाही. झेरॉक्स द्या, दिलेल्या कागदांची यादी करा, यादीवर सही घ्या.